शपथ आम्ही घ्यायची, पाकिटाचं काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

५ जूनचा आपला अंक हातात घेतला तर पहिल्या पानावर बातमी नव्हतीच. पानभर जाहिरात होती. नदीकाठी हसणारी शाळेची मुलं, हिरवी झाडं आणि वाचकांना आवाहन की चौकोनी कोड मोबाइलवर स्कॅन करा आणि स्वच्छतेची शपथ घ्या. खाली कंपनीचं बोधचिन्ह. त्याच कंपनीची पाच रुपयांची वेफर्सची पाकिटं माझ्या दुकानाच्या दारात माळेनं टांगलेली असतात. आत पाचव्या पानावर याच कंपनीनं वाईच्या घाटावर राबवलेल्या स्वच्छता मोहिमेची दोन कॉलमी बातमी होती आणि वर ‘वा. प्र.’ अशी दोन अक्षरं, म्हणजे वाणिज्य प्रतिनिधी, पैसे घेऊन छापलेल्या मजकुराची खूण. माझं किराणा दुकान घाटापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि ती मोहीम मी पाहिलेली आहे, म्हणून हे पत्र.

मोहीम खोटी नव्हती, हे आधी सांगते. सकाळी सकाळी टेम्पो आला, टी-शर्ट, टोप्या, हातमोजे वाटले गेले. शाळेची मुलं होती, कॉलेजची एनएसएसची पोरं होती आणि पोरांनी खरोखर मन लावून काम केलं. पायऱ्यांच्या फटीत अडकलेला कचरा काडीनं उकरून काढत होती बिचारी. फोटोवाल्यानं एकच भरलेलं पोतं आळीपाळीनं वेगवेगळ्या मुलांच्या हातात देऊन फोटो काढले, तेही चालायचंच. गंमत नाश्त्याच्या वेळी झाली. मुलांना त्याच कंपनीची पाकिटं वाटली. ती रिकामी झाल्यावर मुलांनी शहाण्यासारखी पोत्यातच टाकली. टेम्पो टी-शर्टांचे रिकामे खोके घेऊन परत गेला, पोती घाटाच्या कडेलाच राहिली, आणि काही दिवसांनी घंटागाडीनं ती नेली. बातमीत ‘इतके किलो कचरा गोळा’ असा आकडा आहे. तो कचरा पुढे कुठे गेला, याचा मात्र एक शब्द नाही.

पोत्यांत काय होतं ते मी न उघडता सांगते, कारण त्यातला बराचसा माल माझ्या नाहीतर माझ्यासारख्यांच्या काउंटरवरूनच गेलेला. वेफर्स-कुरकुऱ्यांची पाकिटं, शाम्पूचे पाउच, बिस्किटांचे कागद, वेलचीच्या नावानं विकल्या जाणाऱ्या पुड्या. दुधाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या त्यामानानं कमी. याचं कारण आमच्या पेठेत फिरणाऱ्या भंगारवाल्याला विचारा. तो पुठ्ठा घेतो, बाटली घेतो, दुधाची पिशवी धुऊन ठेवली तर तीही घेतो. आतून चंदेरी असलेलं पाकीट मात्र तो हातात धरत नाही. म्हणाला, “ताई, ह्यात प्लॅस्टिक कुठलं न् चांदी कुठली, सुटं करणार कोण? पुढं कोणी घेत नाय.” प्लॅस्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवून ते पाकीट बनतं. माल महिनोन्‌महिने कुरकुरीत राहतो तो त्यामुळेच, आणि ते भंगारात जात नाही तेही त्यामुळेच. लोक संस्कारी झाले म्हणून भंगारवाल्याचा हिशोब बदलत नाही.

हे सरकारला ठाऊक नव्हतं असंही नाही. केंद्राच्या २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत लिहिलेलं होतं की ज्यांचा पुनर्वापर होत नाही अशी बहुस्तरीय पाकिटं बनवणं आणि वापरणं दोन वर्षांत टप्प्याटप्प्यानं बंद करावं. दोन वर्षं भरत आली आणि मार्च २०१८ मध्ये नियमाची भाषा बदलली. आता ज्याचा पुनर्वापर होत नाही, ज्याच्यापासून ऊर्जाही मिळवता येत नाही आणि ज्याचा दुसरा काही उपयोगही नाही, असंच पाकीट बंद करायचं. भट्टीत टाकलं की ऊर्जा निघतेच. म्हणजे सगळं सुटलं. या बदलाची पानभर जाहिरात कोणी दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

त्याच मार्चमध्ये महाराष्ट्राची प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि २३ जून २०१८ पासून अंमलबजावणी सुरू झाली. दुकानात पातळ पिशवी सापडली तर पहिल्यांदा पाच हजार रुपये दंड, दुसऱ्यांदा दहा हजार, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. कारखान्यातच पॅक होऊन येणाऱ्या पाकिटांना सूट. पिशवीबंदी मला पटली होती आणि आजही पटते. आमची गिऱ्हाइकं आता घरून पिशवी आणतात, नाही आणली तर कुरकुरतात आणि कागदाच्या पुडीत नेतात. पण त्याच अधिसूचनेत बाटल्यांसाठीही तरतूद होती की मोठ्या बाटलीवर एक रुपया, छोट्या बाटलीवर दोन रुपये परतावा छापायचा आणि रिकामी बाटली परत घ्यायची व्यवस्था उभी करायची. माझ्या दुकानात रिकामी बाटली न्यायला आजवर कोणत्याही कंपनीचा माणूस आलेला नाही. ऑर्डर घ्यायला आठवड्याला येतो.

आता मुद्दा असा की यातलं काहीच घाटावर कुणाच्या तोंडी नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, “आपल्या लोकांना शिस्तच नाही.” निवृत्त गुरुजींपासून चहावाल्यापर्यंत. हे मत आपोआप तयार झालेलं नाही. मोहिमेसोबत त्याच कंपनीनं शाळांमध्ये निबंध स्पर्धा ठेवली होती, विषय ‘स्वच्छता : माझी जबाबदारी’. शेजारचा सातवीतला मुलगा मुद्दे विचारायला दुकानात आला. मी त्याला काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं की तुला काय वाटतं. त्यानं स्वतःच लिहिलं की कंपनीनं दुकानात एक डबा ठेवावा, दहा रिकामी पाकिटं आणून देणाऱ्याला एक भरलेलं द्यावं. इतकी साधी आणि हिशोबी सूचना मी तरी कुठल्या परिसंवादात ऐकलेली नाही. वर्गात त्याला तो परिच्छेद काढायला लावला, कारण ‘विषयाला सोडून आहे’. विषय कंपनीनं दिलेला, त्यात ‘माझी’ म्हणजे मुलाची. ज्या वयात प्रश्न पडतात त्या वयात कुठला प्रश्न विषयाला धरून आणि कुठला सोडून, हे जाहिरातदार ठरवायला लागला, तर वीस वर्षांनी या मुलांचं लोकमत कसं असेल ते वेगळं सांगायला नको.

हा डाव जुना आहे. माझी मुलगी पुण्यात जाहिरातीचा अभ्यासक्रम करते, तिनं मला १९७१ ची एक अमेरिकन जाहिरात मोबाइलवर दाखवली. डोक्यात पीस खोचलेला एक आदिवासी होडीतून येतो, नदीत कचरा, मागे कारखान्यांचा धूर. काठावर उतरतो तर धावत्या गाडीतून कुणीतरी कचरा त्याच्या पायाशी फेकतं. तो वळून बघतो आणि त्याच्या डोळ्यातून एक थेंब ओघळतो. संदेश असा की प्रदूषण लोक करतात आणि लोकच ते थांबवू शकतात. बघताना माझाही गळा दाटला, खोटं कशाला बोलू. मग मुलीनं पुढचं सांगितलं. ती जाहिरात ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ या संस्थेची. १९५३ साली ही संस्था उभी केली ती डबे आणि बाटल्या बनवणाऱ्या कंपन्यांनी. त्याच वर्षी व्हरमाँट राज्यानं परत न घेतल्या जाणाऱ्या बिअरच्या बाटल्यांवर बंदी घातली होती. जाहिरात आली त्याच १९७१ साली ओरेगॉननं बाटलीवर अनामत रक्कम घेण्याचा कायदा केला, आणि असे कायदे इतर राज्यांत होऊ नयेत म्हणून पेय आणि डबा-बाटली उद्योग जोर लावत होता. एका हातानं डोळे पुसायचे, दुसऱ्या हातानं कायदा अडवायचा. तो रडणारा आदिवासीही आदिवासी नव्हता. तो नट मूळ इटालियन आईबापांचा. २०२३ मध्ये त्या जाहिरातीचे हक्क अमेरिकेतल्या आदिवासींच्या राष्ट्रीय संघटनेकडे दिले गेले आणि तिनं ती कायमची बंद केली. पन्नास वर्षं लागली.

अनामत रकमेचं आम्हा दुकानदारांना कुणी शिकवायला नको. काचेच्या बाटल्यांचा क्रेट यायचा तेव्हा गिऱ्हाईक दुकानात उभं राहून कोल्ड्रिंक प्यायचं, नाहीतर बाटलीचे पैसे ठेवून घरी न्यायचं. सासऱ्यांच्या वहीत ‘बा. बाकी’ असा वेगळा रकानाच होता. घाटावर बाटली पडलीच तर पाच मिनिटांत कुठलंतरी पोर ती उचलून दुकानात आणून द्यायचं. तेव्हाचे लोक आजच्यापेक्षा जास्त शिस्तीचे होते असं मला अजिबात वाटत नाही. पान खाऊन भिंतीवर थुंकणारे तेव्हाही होतेच. फक्त बाटलीला किंमत होती, आणि ती गोळा करून नेणं कंपनीला भाग होतं. प्लॅस्टिकच्या बाटलीनं तो खर्च वाचवला. वाचलेल्या पैशातला चिमूटभर टी-शर्टांवर खर्च होतो.

सामाजिक जाहिरात म्हटली की ती ढोंगीच, असं मी म्हणत नाही. ‘कपडे धुणं हे फक्त बाईचंच काम आहे का’ असं विचारणारी एरियलची मोहीम २०१५ ला आली, ती मला आवडली होती आणि अजून आवडते. दुकानात पावडर न्यायला पुरुष येतात तेव्हा मी मुद्दाम विचारते, “मशीनची की हातानं धुवायची?” बहुतेकांना घरी फोन लावावा लागतो. म्हणजे काम अजून बाकी आहे, पण विषय निघतो, हसत हसत निघतो, हे त्या जाहिरातीचं देणं. पाळीत लोणच्याला शिवायचं नाही या समजाला हात घालणारी व्हिस्परची जाहिरात २०१४ ची. मी वर्षानुवर्षं पॅडचं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून देत आले, बऱ्याचदा आपल्याच अंकात. आता कॉलेजच्या मुली “काकू, कागद नको” म्हणतात. याचं थोडं श्रेय अशा जाहिरातींना द्यायला माझी ना नाही. पण पॅडवरचा बारा टक्के जीएसटी जुलै २०१८ मध्ये रद्द झाला तो बायांनी सह्या गोळा केल्या, कोर्टात गेल्या, टीकेची झोड उठवली म्हणून. जाहिरात लाज घालवू शकते, किंमत कमी करायला माणसंच लागतात. २०१३ च्या प्रयागच्या कुंभमेळ्यात लाखो रोट्यांवर ‘लाइफबॉयनं हात धुतलेत का’ असा छाप उमटवला होता. तीही युक्ती मला पटली. हात धुतल्यानं जुलाब कमी होतात हे खरंच आहे. हात कुठल्याही साबणानं धुतले तरी चालतात, एवढं मात्र त्या रोटीवर मावलं नसावं!

जिथे संदेश आणि माल यांचं भांडण नसतं, तिथे जाहिरात सरळ असते. भांडण असतं तिथे काय होतं ते माझ्या एका फळीवर दिसतं. फेअर अँड लव्हली हिंदुस्थान लिव्हरनं १९७५ साली आणलं. सावळ्या मुलीला नोकरी नाही, क्रीम लावलं की मिळाली, अशा जाहिराती आम्ही सगळ्यांनी पाहिल्यात. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं त्याविरुद्ध तक्रारी केल्या, २००३ मध्ये केंद्र सरकारनं काही जाहिराती थांबवायला लावल्या, आणि त्याच वर्षी त्याच क्रीमच्या नावानं मुलींना शिष्यवृत्त्या देणारं प्रतिष्ठान निघालं. पुढे २०२० मध्ये नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. आता शेजारचा डव्ह साबण बघा. त्याच कंपनीचा. सगळ्या बायका जशा आहेत तशा सुंदर आहेत, ही डव्हची जगभरातली मोहीम २००४ पासूनची. दोन्ही माल माझ्याकडे एकाच गाडीतून येतात, एकाच बिलावर, एकाखाली एक. एक सांगतं बदल, दुसरं सांगतं आहेस तशी रहा. कंपनीचं मत काय, असं गिऱ्हाइकानं विचारलं तर मी बिलाची बेरीज दाखवीन.

आणि मत महाग पडायला लागलं की काय होतं? ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कनं हिंदू सुनेचं डोहाळजेवण मुसलमान सासर हौसेनं करतं अशी गोड जाहिरात केली. बहिष्काराची हाक उठली आणि जाहिरात काढून घेतली गेली. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. दुकानाची काच फुटायची भीती काय असते ते दुकानदारालाच कळतं. त्याआधी २०१९ च्या होळीला सर्फ एक्सेलवर असाच राग निघाला होता. कंपनीनं जाहिरात ठेवली, आणि चिडलेल्या काही लोकांनी नावाच्या घोटाळ्यात मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल या ॲपला जाऊन सगळ्यात खालचा एक तारा दिला. हसू येतं, पण अर्थ इतकाच की समाजसुधारणेचं काम जाहिरातीवर सोपवलं तर ते गल्ल्याला झेपेल तेवढंच होणार.

तर आता आपल्या अंकाकडे येते. मी तो कोड स्कॅन केला. नाव विचारलं, मोबाइल नंबर विचारला, मग शपथेचा मजकूर आला आणि माझ्या नावाचं, कंपनीच्या चिन्हाचं प्रमाणपत्र. त्यानंतर नव्या चवीच्या पाकिटाचे मेसेज यायला लागले ते अजून येताहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पर्यावरणाचा दावा करायचा तर त्याचा तपशील जाहिरातीतच, नाहीतर कोड किंवा संकेतस्थळाचा पत्ता देऊन ग्राहकाला बघता आला पाहिजे, असं त्यात म्हटलंय. कोड इथेही होता. तो पुराव्याकडे न जाता माझ्या फोन नंबराकडे गेला.

दुसरा प्रश्न पैशाचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. आपल्या मालाच्या प्रसिद्धीसाठी दिलेलं प्रायोजकत्व त्यात धरता येत नाही, हेही नियमांत आहे. मग घाटावरचा तो सकाळचा खर्च कुठल्या खात्यावर पडला, सामाजिक की जाहिरातीच्या? क्लासमेट वह्यांच्या मागे कित्येक वर्षं छापलेलं असायचं की चार वह्यांमागे एक रुपया सामाजिक कामाला जातो. वहीला चार आणे, फार नाही. पण तिथे निदान आकडा होता. पालकाला भागाकार करता येत होता.

कागद महाग आहे, अंकाच्या किमतीत छपाईही सुटत नसेल, जाहिरात घ्यावीच लागते, हे मला कळतं. मीही कंपनीच्या पैशानं लागलेला बोर्ड दुकानावर मिरवते. बोर्डावर माझ्या दुकानाचं नाव लहान आणि त्यांच्या पेयाचं मोठं आहे. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला तो बोर्ड कोणाचा ते लांबूनही कळतं. अमेरिकेत मोबिल या तेलकंपनीनं १९७० पासून न्यूयॉर्क टाइम्सच्या मतांच्या पानावर जागा विकत घेऊन आपली मतं छापली. ते बरं की वाईट यावर वाद घाला, पण खाली मोबिलचं नाव होतं. कोण बोलतंय ते वाचकाला कळत होतं. ‘वा. प्र.’वरून काय कळतं? आमच्या गल्लीत मी विचारून पाहिलं, बहुतेकांना ते वाईचे प्रतिनिधी वाटतात.

म्हणून विनंती एवढीच. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ हा शब्द चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरात छापा. आणि ज्या कंपनीची शपथ पहिल्या पानावर घेता, तिच्याकडे आपला एक वार्ताहर पाठवा. सातारा जिल्ह्यात वर्षाला किती पाकिटं विकली, त्यातली किती परत गोळा केली, कुठे नेली, जाळली की वापरली, एवढंच विचारायचं. कंपन्यांना या कचऱ्याची जबाबदारी म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करून हिशोब द्यावाच लागतो, त्यामुळे ‘आकडे नाहीत’ हे उत्तर चालणार नाही. उत्तर आलं तर छापा, नाही आलं तर तेही छापा. जमलं तर त्या सातवीतल्या मुलाचा काढून टाकलेला परिच्छेदही छापा. मी तो वहीतून उतरवून घेतलाय, त्याच्या आईची हरकत नाही.

डबा ठेवायला माझ्या दुकानात फ्रीजशेजारी जागा आहे.

पत्राखाली माझं नाव मात्र छापू नये. डिस्ट्रिब्युटर गावातलाच आहे आणि गणपतीचा माल अजून यायचाय.

आपली,
एक किराणा दुकानदार, वाई (जि. सातारा)